कडेवर कोण होतं

१८ एप्रिल, गुरुवार

वैजे, तू विसराळू हायेस हे मला ठाऊक होतं, पण एवढी? दिवाळीला ही जाडजूड रोजनिशी माझ्या हातात दिलीस. कडा सोनेरी, आत रेशमी दोरी. "आजी, रोज लिहीत जा," म्हणलीस आणि मुंबईच्या गाडीत जाऊन बसलीस. आजीला अक्षर येत नाय, हे गाडीत बसल्यावर तरी आठवलं का? नसंल आठवलं. तव्हापासून वही पिठाच्या डब्याखाली होती. डबा डुगडुगायचा, तो नीट बसला. तुझी भेट वाया गेली असं म्हणू नको.

आज काढली. मी बोलणार, तुझी आई लिहिणार. सुमनचं अक्षर चांगलं हाय म्हणतात. मला सगळी अक्षरं सारखीच, मुंग्यांची रांग. पण सूनबाई मला न विचारता शब्द सुधारते. हात मधीच थांबतो, तेवढ्यावरनं कळतं.

(सुधारत नाही. — सु.)

काय लिहिलंस आता? बरं, ऱ्हाऊ दे.

आजचं: उद्या वैजीची मुलाखत मोबाईलवर येणार. लई लांबलचक, मधी जेवून यावं एवढी. दत्तानं कंपनीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझा लेक, वैजीचा बाप, एरवी विचारल्याबिगर तोंड उघडत नाय. आज नळाला पाणी नाय.

२० एप्रिल, शनिवार

मुलाखत बघितली. शेजारची नजमाभाभी पण आलती, येताना पाण्याची कळशी घेऊन आली. त्यांच्या टाकीत होतं. मुलाखतीपरीस कळशीचं कौतुक जास्त झालं.

वैजी छान दिसत होती. मालिकेत ती वकिलीण हाय, काळा कोट घालते. इथं साडी नेसली होती. समोरच्या पोरानं विचारलं, "बालपण कसं गेलं?" वैजीनं पदर सारखा केला. म्हणली, आम्ही फार गरिबीत वाढलो. दुष्काळात लाल मिलोची भाकर खाऊन दिवस काढले, पण ती सुद्धा गोड लागायची. आजी मला कडेवर घेऊन खडी फोडायला जायची. मला भूक लागली की बोट दुधात बुडवून चाटवायची.

तिचे डोळे भरले. त्या पोराचे भरले. नजमाभाभीनं ओढणीनं डोळे पुसले, "या अल्ला, अम्मा, इत्ता सहा तुमने!" म्हणून माझा हात धरला. माझेबी भरले. पोरगी रडली की माझे भरतातच, कारण लागत नाय.

मंग दत्ता म्हणला, "मिलो?"

सुमन उठली, नसलेल्या पाण्यानं भांडी घासायला लागली.

२१ एप्रिल, रविवार

कमेंटी आल्या. नजमाभाभी वाचून दाखवते, तिला रस लई. एक म्हणतो, मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, बहात्तरच्या दुष्काळात आली, तव्हा ताईंचे वडील दुपट्यात होते. खरं हाय, दत्ता दुपट्यातच होता, माझ्या सासूपाशी. दुसरा म्हणतो, ताईंचं खरं वय साठ असेल, मेकप चांगला हाय. तिसरा म्हणतो, आजकाल मोठं झालं की लहानपणी गरीब व्हावंच लागतं.

हा तिसरा मला आवडला. भाभीला म्हणलं, ह्याला चहाला बोलव.

गल्लीतनं रिक्षा फिरतीय भोंगा लावून, निवडणूक हाय ना. साहेबांनी लहानपणी दुसऱ्याची गुरं राखली म्हणे. कुणाची राखली ते सांगत नाय. आम्ही राखली तर सगळ्या गावाला माहीत होतं, कुणाच्या वावरात मेंढरं घुसली ते.

सुमन आज जेवली नाय. लिही, लिही. हात थांबवू नको.

२३ एप्रिल, मंगळवार

काल सुमननं मला विचारलं, "आत्या, मी तिला उपाशी ठेवलं होतं का हो?"

मी म्हणलं, कोण म्हणलं तसं?

"तीच म्हणली. सगळ्या दुनियेपुढं."

गुलमंडीत कापडाच्या दुकानात दिवसभर फॉल-पिको करायची ही बाई. उरलेल्या चिंध्या आणून वैजीला झालरीचे फ्रॉक शिवायची. पोरीचा एक दात किडला तर मला बोलली होती, आत्या, तुम्ही गूळ जास्त देता. ती उपाशी ठेवंल?

मंग रागाच्या भरात हिनं जुना फोटो मोबाईलवर स्टेटस का काय असतं त्याला लावला. वैजीचा पाचवा वाढदिवस. झालरीचा फ्रॉक, पुढ्यात केक, मागं स्कूटर. खाली लिहिलं, 'माझी गरीब लेक'. म्हणे फक्त बहिणींना दिसावं म्हणून.

(फक्त बहिणींसाठीच होतं. — सु.)

बहिणी दोन, त्यांच्या जावा किती ते धर. सांजच्याला तोच फोटो सगळीकडं. केकाला लाल गोल, स्कूटरला लाल गोल, फ्रॉकाच्या झालरीला पण लाल गोल. मेंढरं विकायला काढली की कपाळाला असाच रंग लावतात.

नजमाभाभीनं फोटो बघितला आणि ओरडली, "अरे, ये तो हमारे साहब की गाडी है! नंबर भी दिख रा!" खरंच, स्कूटर त्यांची होती. वैजीला हौस म्हणून तिच्यापुढं उभी केली होती. आणि केक सुमननं घरी केला होता. कुकरात वाळू घालून, शिट्टी काढून. एका बाजूनं करपला होता, ती बाजू फोटोत भिंतीकडं केली. भाभी म्हणली, "मैं लिख देतूं सबको!" सुमन म्हणली, नको. आता नको काही.

२४ एप्रिल, बुधवार

वैजीचा फोन सुमनला. मी गॅलरीत होते, पण फोनचा आवाज मोठा, आणि ऐकायला मला कान हायेत.

"मम्मी, तू का केलंस असं?"

"मी फोटो टाकला. खोटं तू बोललीस."

"मी खोटं नाही बोलले!"

"मग खोटी मी. माझा केक खोटा, माझे फ्रॉक खोटे."

फोन कुणी ठेवला ते कळलं नाय. दोघींची सवय एकच हाय, रागावल्या की ठेवतात.

हे लिहिताना सुमननं पेन दोनदा खाली ठेवलं. मी दोनदा उचलून दिलं.

नळ आला. पाणी गढूळ.

२७ एप्रिल, शनिवार

वैजीचा फोन मला. दत्ताच्या मोबाईलवर. सुमन दुकानात गेली होती, ती वेळ बघूनच केला असंल.

"आजी, मालिकेवाले म्हणतात, एकतर आजीला कॅमेऱ्यासमोर आण, नाहीतर माफी माग. लोक रोज शिव्या देतायत."

मी ऐकते.

"आजी, मला आठवतं गं. मी बनवून नाही सांगितलं. खडीचा ढीग आठवतो, ऊन आठवतं. तुझ्या लुगड्याचा वास आठवतो. मिलोची चव अजून जिभेवर आहे. चव कशी खोटी असेल?"

मी ऐकते.

"मी खोटारडी आहे का आजी?"

म्हणलं, "नाटकी हायेस. खोटारडी नाय."

हसली थोडं. सांगायला तोंड उघडलं होतं मी. सगळं जिभेवर आलं होतं. आणि विचारलं काय, तर जेवलीस का. नाय म्हणली. मालिकेच्या जेवणाला वास येतो म्हणली.

एक गोष्ट लिही सुमन, नीट लिही. 'आजी, तू नुसतं व्हय म्हण' असं पोरगी एकदाबी म्हणली नाय. मालिकेवाल्यांचं सांगितलं, पण मला कॅमेऱ्यापुढं ये म्हणली नाय.

(लिहिलं. — सु.)

२९ एप्रिल, सोमवार

काल दिवसभर गॅलरीत बसून होते. पहिलं इथनं देवळाईचा डोंगर दिसायचा. आता मधी उंच बिल्डिंगी. एकीला पोहायचा हौद हाय म्हणे, आणि तिच्या दारात पाण्याच्या टँकरची रांग. त्याच माळावर आमची मेंढरं बसायची. हौदाच्या जागी खत चांगलं पडलंय, तेवढं त्यांना कुणीतरी सांगा.

वैजीला सांगावं का, हा घोर हाय. आठवणी परत घेतल्या तर पोरीपाशी काय उरंल? नाय घेतल्या तर ती जगापुढं भांडत बसंल, माझ्या भाकरीसाठी. आणि मायलेकी बोलणार नायत.

सुमन विचारते, "कुठल्या आठवणी, आत्या?" लिही म्हणलं, विचारू नको.

२ मे, गुरुवार

मुलाखतवाल्या पोराचा फोन आला. गोड बोलतो. "आजी, आम्ही गाडी घेऊन येतो, फक्त पाच मिनिटं बोला."

म्हणलं, येणारानं पिण्याचं पाणी घेऊन यावं लागतं. इथं नळ आठवड्यानं येतो.

हसला. "आजी, खरं सांगा, घरात गरिबी होती ना?"

"बाबा, कुणाची पाहिजे? माझी हाय. पडून हाय, कुणी नेत नाय. घेऊन जा."

त्याला वाटलं मी गंमत करते. "तसं नाही आजी, ताईंची."

"ताईची ताईला विचार. आणि तू रं? लहानपणी गरीब होतास का?"

लगेच म्हणला, "हो आजी, खूप." त्याला कुणी विचारलंच नसंल इतके दिवस. कंदील, चिखल, फाटकी चप्पल, सगळं सांगितलं. मी हं हं केलं. चांगला पोरगा हाय. खरं असंल, नसंल, रडवेला झाला होता. जेवलास का विचारलं.

या म्हणलं नाय, नको पण म्हणलं नाय.

४ मे, शनिवार

सुमन, आज मोठं लिहायचंय. पाणी पिऊन ये.

वैजी दोन-तीन वर्षांची असंल. सुमन गुलमंडीला, दत्ता कंपनीत, घरात मी आणि ही. पोरगी खायची नाय. तोंड आवळून बसायची. बाकीच्या आज्या काऊचा घास, चिऊचा घास करतात. माझ्यानं ते होईना. काऊ-चिऊला कोण विचारतं आमच्यात? मी तिला गॅलरीत घेऊन जायची, डोंगर दाखवायची आणि म्हणायची, हा घास मिलोचा. त्या डोंगराखाली आपण मिलो खाल्ली. हा घास खडीवरचा. आपण खडी फोडत होतो, ऊन लई, आपल्याला तहान लागली. हा घास मुकादमाचा. मुकादम आपल्याला ओरडला.

आ करायची. गोष्ट थांबली की तोंड बंद, पुढं सरकली की आ.

'आपण' का म्हणायची, तर आमची बोलायची रीतच ती. मेंढरामागं हिंडणारी माणसं आम्ही, एकट्याचं बोलायला तोंड वळत नाय. कळपाला धरूनच बोलायचं. आज आपण लांब चाललो. आपण पाणी पिलो. आपल्यातलं एक लंगडतंय. सासरे तर मेंढरं निजल्यावर म्हणायचे, आपण निजलो. आणि स्वतः जागे असायचे.

एक दिवस वैजीनं विचारलं, "आजी, मी कुठं होते?"

आता काय सांगणार? तू नव्हतीस, तुझी आई पण नव्हती? घास हातात होता. म्हणलं, "माझ्या कडेवर होतीस."

आ केला तिनं. वाटी संपली. मंग रोज कडेवरच.

कडेवर होतं कोकरू. त्याची माय चाऱ्यावाचून गेली. घरी ठेवलं तर मरणार, म्हणून खडीवर घेऊन जायची. मुकादम म्हणायचा, "बाई, कोकराची हजेरी लागत नाय." मी म्हणायची, त्याला खडी पण फोडता येत नाय, हिशेब सरळ. दूध कुठलं तव्हा! दुष्काळी कामावर सुकडीचं पीठ मिळायचं, ते पाण्यात कालवून बोट बुडवून चाटवायची. वैजीला सांगताना दूध म्हणायची. गोष्टीतच पाजायचं तर पाणी कशाला पाजा.

तर वैजी जे सांगत होती, कडेवर बसले, बोट चाटलं, ते सगळं खरं हाय. फक्त ते कोकराचं हाय.

कोकरू जगलं नाय. हे तिला मी कव्हाच सांगितलं नाय. कसं सांगणार? कडेवर तीच बसली होती.

आणि गोड. मुलाखतीत ती गोड म्हणली तव्हाच मी समजले. मिलो जिनं खाल्ली ती तिला गोड म्हणणार नाय. घशात कोंडा अडकल्यासारखी, पाण्याच्या घोटानं ढकलायची. मंग पोरीच्या जिभेवर गोड काय होतं? वाटीत काय होतं, सुमन? तू दुकानात जायच्या आधी काय करून झाकून ठेवायचीस?

(मलिदा. रात्रीची पोळी कुस्करून, गूळ, तूप. — सु.)

तोच मी मिलो म्हणून भरवला. रोज. तिला गरिबीची चव कुठली माहीत? तिच्या जिभेवर तुझाच हात हाय.

सुमन उठून आत गेली. वरची ओळ ती परत आल्यावर लिहिली. डोळे पुसून आली, पण पदर ओला, मला काय दिसत नाय का? म्हणली, "आत्या, तुम्ही मला कधी सांगितलं नाही." म्हणलं, तू कव्हा विचारलंस, पोरीला काय म्हणून भरवता? वाटी रिकामी मिळाली की तू खूश.

मंग हसली. बऱ्याच दिसांनी.

५ मे, रविवार

सुमननं सकाळी फोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला, परत ठेवला. दत्ता म्हणला, "लाव ना." म्हणली, "आधी तिनं लावावा. ती लेक आहे." दत्ता बाहेर निघून गेला. शहाणा हाय.

नळ नाय. नजमाभाभीकडनं कळशी.

७ मे, मंगळवार

सुमननं रात्री पोळ्या जास्त केल्या. घरात माणसं तीन, पोळ्यांची चवड एवढी. मी विचारलं नाय. सकाळी परातीत कुस्करत बसली. गूळ किसला. मी म्हणलं, तूप घाल अजून. म्हणली, "पुरे आत्या, प्रवासात बाहेर येईल." म्हणजे प्रवासाला जाणार हाय तर.

फोन नाय करणार, पण डबा करणार. माझी सून हाय.

८ मे, बुधवार

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं डबा मुंबईला. दत्ता ड्रायव्हरच्या ओळखीचा हाय. वैजीला डबा येतोय एवढंच कळवलं, त्यानंच.

ही वही पण डब्याखाली धाडते. तिनंच दिली होती, आणि डब्याखाली ऱ्हायची वहीला सवय हाय. सुमननं विचारलं, "कोकराचं पान काढून घेऊ का? मेलं ते तिला कशाला?" मी लई वेळ गॅलरीत बघत बसले. डोंगर तर दिसत नाय. म्हणलं, ऱ्हाऊ दे. मोठी झाली, काळा कोट घालते, आता उतरू दे कडेवरनं. माझी पण कंबर दुखते.

वैजे, लोकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. माफी माग, नको मागू. गोष्ट आजीची हाय म्हण, कोकराची हाय म्हण. त्या पोराला मी अजून ये म्हणलं नाय, तू म्हणशील तर म्हणंन. मी जे झालं तेच सांगंन, नटून सांगंन. पण खोटारडी म्हणून रडत निजू नको. आपण खाल्ली मिलो. आपण म्हणलं की त्यात तू आलीसच, ते कुणाच्या बापाला काढता येणार नाय.

मलिदा पहिल्यांदा तोंडात टाकशील तव्हा डोळे मीट. मंग सांग कशाची चव हाय.

(गूळ थोडा जास्त झालाय. — मम्मी)

बघ, आज 'सु.' नाय लिहिलं तिनं. काय लिहिलं विचारलं तर सांगत नाय.

आणि डबा स्टीलचा हाय, आपल्या घरचा, परत पाहिजे. आपल्यात डबा रिकामा परत करत नसतात, हे तरी विसरू नको. त्यात केक धाड. विकतचा नको, त्याच्यावरचं ते पांढरं मला सोसत नाय. कुकरात वाळू घालून केलेला धाड, एका बाजूनं करपला तरी चालंल. कसा करतात ते मला ठाऊक नाय. तुझ्या आईला विचार.